'इनग्रेन्ड' या शब्दाला मराठीत काय म्हणावं?

खिडकीजवळ

नमस्कार. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठीची एक इंग्रजी पुस्तिका मी मराठीत करते आहे. चाळीस पानांपैकी पस्तीस झाली आणि छत्तिसाव्या पानावरच्या एका वाक्याने चार दिवस अडवून धरलंय. वाक्य असं आहे: 'वी ऑल कॅरी डीपली इनग्रेन्ड असम्प्शन्स फ्रॉम चाइल्डहुड.' बस, एवढंच. पण पुढचा सगळा भाग याच वाक्यावर उभा आहे, त्यामुळे ते नीट उतरायला हवं.

अर्थ मला कळतो. लहानपणी घरात, गल्लीत, शाळेत जे बघत आलो ते इतकं आत गेलेलं असतं की तो आपला एक समज आहे हेच ठाऊक नसतं. पुस्तिकेत उदाहरणं चांगली आहेत. खोली झाडायची वेळ आली की मुली उठतात, सतरंज्यांच्या घड्या उचलायला मुलगे उठतात. ताईंनी कुणालाच नाव घेऊन सांगितलेलं नसतं. पडून रडणाऱ्या मुलाला 'मुलीसारखा काय रडतोस' हे वाक्य तोंडातून आपोआप निघून जातं. सेविकेने हे दुसऱ्यात नाही, स्वतःत बघावं अशी अपेक्षा आहे.

संपादकांनी 'दृढमूल गृहीतके' सुचवलं. चूक काहीच नाही त्यात. पण मी भाषांतर करताना एक बाई डोळ्यांसमोर ठेवते. सकाळी पोषण आहार, मग मुलांची वजनं, मग रजिस्टर, मग गृहभेटी, आणि दुपारी प्रशिक्षणाला येऊन बसलेली. ती 'दृढमूल गृहीतके' हे शब्द फळ्यावरून वहीत उतरवून घेईल. स्वतःच्या आत बघणार नाही.

मी काय काय लावून पाहिलं ते सांगते. 'रुजलेले' म्हटलं तर रुजलेलं रोप वर दिसतं आणि उपटताही येतं. 'अंगवळणी पडलेले' हे सवयींना शोभतं, समजुतींना नाही. 'बाळकडू' मुद्दाम पाजलेलं असतं, आणि मराठीत ते बहुतेक वेळा अभिमानाने सांगितलं जातं. 'हाडीमाशी खिळलेले' हे स्वभावाला म्हणतात. 'मुरलेले' जवळचं वाटलं, लोणच्यासारखं. पण मुरलेला माणूस म्हटलं की चाळीस वर्षं राजकारण केलेला माणूस आठवतो. 'भिनलेले' म्हटलं तर विष भिनतं, द्वेष भिनतो.

मी हे इतकं का लावून धरलंय तेही सांगते. आजोळी वाईला परसदाराशी एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप असायचा. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. त्यात आजी वरून, हात लांब धरून चहा ओतायची. बाई पायरीवर बसून तो प्यायच्या, कप स्वतः विसळायच्या आणि कोनाड्यात पालथा घालायच्या. तो कप कधी घरात आला नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. मला वाटायचं, तो कोनाडा त्या कपासाठीच बांधलेला आहे. 'त्याला हात लावू नकोस' असं मला कुणी सांगितल्याचं अजिबात आठवत नाही. पुढे शाळेत महाडच्या चवदार तळ्याचा धडा झाला. २० मार्च १९२७ ही तारीख मी पाठ केली, परीक्षेत लिहिली, गुणही मिळाले. पण सुट्टीत वाईला गेले की तो कोनाडा आणि तो धडा माझ्या डोक्यात एकमेकांना कधी भेटले नाहीत.

मला या 'न भेटण्याला' शब्द हवा आहे. कुणाला सुचतोय का?

देवराई

'भिनलेले' घ्या. विषाची भीती बाळगू नका. गाणं पण अंगात भिनतं की.

जुनी पाने

ताई, शब्द सुचवण्याआधी या शब्दाचं मूळ बघू या, कारण तुम्ही जे शोधताय ते त्यातच आहे. आणि त्याचा एक धागा थेट मराठीत येतो.

'ग्रेन' ऐकलं की आपल्याला धान्याचा दाणा आठवतो, नाहीतर लाकडातल्या रेषा. लाकडाचा अर्थ नंतर येऊन मिसळला. मुळात इथे ग्रेन म्हणजे रंग. भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला ओकची एक काटेरी, झुडपासारखी जात आहे. तिच्या फांद्यांवर एक बारीक किडा चिकटून वाढतो. त्याच्या माद्या गोळा करून वाळवल्या की हुबेहूब बियांसारख्या दिसतात. जुन्या लोकांना त्या बियाच वाटत. म्हणून लॅटिनमध्ये 'ग्रानुम', म्हणजे दाणा, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत ग्रेन. त्या 'दाण्यां'पासून लालभडक रंग निघायचा. तुरटी लावून लोकर त्यात उकळली की तो रंग धुण्याने जात नसे, उन्हाने विटत नसे. महाग होता, राजेरजवाड्यांचा आणि चर्चमधल्या वरिष्ठांचा. अशा रंगात बुडवलेल्या कापडाला 'डाइड इन ग्रेन' म्हणत, आणि हळूहळू कुठल्याही पक्क्या रंगाला तेच म्हणू लागले. त्यातून 'इनग्रेन्ड'.

शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये ऑलिव्हिया चेहऱ्यावरचा पडदा बाजूला करते. समोरची व्यक्ती तिच्या रूपाबद्दल शंका घेते, तेव्हा ती 'इन ग्रेन' हेच शब्द वापरते: पक्का रंग आहे, वारा-पावसात टिकेल. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं नाटक आहे, आणि तिथे शब्द अजून रंगाच्याच अर्थाने जिवंत आहे.

आता मराठीतला धागा. त्या किड्याला फारसी-अरबीत 'किर्मिझ' म्हणतात. आपला 'किरमिजी' रंग तिथून आला. इंग्रजीतला 'क्रिम्झन'ही तिथूनच. आणि किर्मिझच्या मागे अभ्यासक संस्कृतातला 'कृमिज', म्हणजे किड्यापासून झालेला, हा शब्द दाखवतात. म्हणजे पैठणीचा किरमिजी काठ आणि तुमच्या पुस्तिकेतला 'इनग्रेन्ड' हे दोन्ही एकाच किड्याच्या रंगातून आलेले शब्द आहेत. (१५२१ मध्ये स्पेनने मेक्सिको जिंकल्यावर निवडुंगावरच्या किड्यांचा त्याहून भरपूर रंग युरोपात यायला लागला आणि ओकवरचा किडा मागे पडला. शब्द तेवढा राहिला.)

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की 'इनग्रेन्ड'मध्ये खोली नाही, पक्केपणा आहे. 'दृढमूल' म्हटलं की आपण जमिनीत खाली मुळाकडे बघायला लागतो. इंग्रजी शब्द तुम्हाला खाली बघायला सांगतच नाही. तो रंग वरच असतो, समोर असतो, पूर्ण कापडभर असतो.

खिडकीजवळ

जुनी पाने, तुमचे मनापासून आभार. किरमिजीचं मला माहीत नव्हतं. 'समोर असतो, पूर्ण कापडभर असतो' हे वाचल्यावर कोनाडा पुन्हा डोळ्यांसमोर आला. तो काही लपवलेला नव्हताच. दिवसातून दहा वेळा आम्ही त्याच्या शेजारून जायचो.

सुताची लडी

मी सोलापूरचा. वडील सूत रंगवायच्या कारखान्यात तीस वर्षं होते. भाषेतलं मला फार कळत नाही, पण रंगातलं थोडं कळतं म्हणून लिहितो.

ताई, घरात सोलापुरी चादर असेल तर उलटी करून बघा. मागेही तीच नक्षी दिसेल, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. वर निळ्यावर पांढरं मोराचं चित्र असेल तर मागे पांढऱ्यावर निळा मोर. कारण तिथे कापडावर रंग लावलेला नसतो. आधी सूत रंगवतात, मग ते मागावर चढतं. आता एखादी छापील चादर उलटी करा. मागे फिक्कट, पुसट डाग दिसतील, कधी कधी नुसतं पांढरं. छाप वरून मारलेला असतो, म्हणून त्याला उलटी बाजू आहे. सुतातच रंग असला की त्या कापडाला बिनरंगाची बाजू नसते.

वडिलांचं काम मी लहानपणी जवळून बघितलंय. सुताच्या लड्या आधी उकळून घ्यायचे. कापसाला नैसर्गिक मेण असतं, ते निघालं नाही तर रंग वरवर बसतो, आत शिरत नाही. मग लड्या दांड्यावर घालून टाकीत सोडायच्या आणि सारख्या फिरवत राहायच्या. थांबलं की एकीकडे गडद, एकीकडे फिका. वडिलांच्या नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या. दिवाळीत उटणं लावून चोळले तरी निळ्याच. ते गेले तेव्हासुद्धा तशाच होत्या.

तुमच्या प्रश्नाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. एखादा घाणा चुकीच्या रंगाचा निघाला तर काय करायचं, हे मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, हायड्रो नावाचं रसायन टाकून रंग काढता येतो. पण सूत मार खातं, कमजोर होतं, आणि रंग कितीही काढला तरी पहिल्यासारखं कोरं होत नाही. पिवळट काहीतरी राहतंच. त्यापेक्षा त्याच्यावर त्याहून गडद रंग चढवायचा. त्यामुळे जे सूत चुकायचं ते शेवटी बहुतेक काळं होऊन बाहेर पडायचं. फिका रंग गडद रंगावर चढत नाही.

आमच्याकडे 'रंग बसला' म्हणतात, 'सुताने रंग घेतला' म्हणतात. 'घेतला' हा शब्द मला आवडतो. रंग देणारा कारखान्यातला माणूस असतो, पण घेणारं सूत असतं. तुमच्या आजीने तुम्हाला काही शिकवलं नाही असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही घेतलं.

कऱ्हेकाठ

एवढा शोध कशाला? आपल्याकडे 'संस्कार' हा सुंदर शब्द आहे. लहानपणी झालेले, न कळत झालेले, आयुष्यभर पुरणारे. परदेशी शब्दाच्या मागे लागून आपला शब्द टाकू नये. 'बालपणीचे संस्कार' लिहा, प्रत्येक सेविकेला कळेल.

खिडकीजवळ

कऱ्हेकाठ, 'संस्कार' मी सगळ्यात आधी लिहिला होता आणि दोन दिवस तसाच ठेवलाही होता. मग आमच्या इमारतीतल्या एका शिक्षिकेला तो परिच्छेद वाचायला दिला. वाचून त्या म्हणाल्या, 'छान लिहिलंय, आजकाल मुलांवर संस्कार राहिलेच नाहीत.' म्हणजे वाक्य बरोबर उलटं पोहोचलं. मराठीत आज 'संस्कार' म्हणजे चांगलीच गोष्ट. वाईट असेल तर 'कुसंस्कार' असं वेगळं म्हणावं लागतं. माझ्या आजीवर संस्कार होते, ते चांगलेच होते, पहाटे उठून तुळशीला पाणी घालणं होतं, दारी आलेल्याला रिकाम्या हाती न पाठवणं होतं. आणि कोनाड्यातला कपही होता. तिच्या लेखी ते तीन वेगळे प्रकार नव्हते. पण सेविकेने त्यातला तिसरा ओळखावा असं पुस्तिकेला वाटतं, आणि 'संस्कार' म्हटलं की तो झाकला जातो.

जुनी पाने

कऱ्हेकाठ यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं की आपल्याकडे शब्द आहेत. संस्कृतात 'राग' म्हणजे आधी रंग, मग आसक्ती. 'रंज्' धातू, रंगणं. 'अनुरक्त' म्हणजे रंगलेला. 'विरक्त' म्हणजे ज्याचा रंग उतरलाय तो. आपण 'विरक्त' शब्द रोज वापरतो आणि त्यात रंगारी बसलाय हे विसरतो. आणि गंमत म्हणजे 'वासना' शब्दाच्या मागे गंध लावण्याची कल्पना आहे: फुलं काढून घेतली तरी कापडाला त्यांचा वास राहतो तशी. मनात आधीचं काहीतरी उरून राहतं, हे सांगायला आपल्या जुन्या लोकांनीही कापड, रंग आणि वास याच गोष्टी घेतल्या होत्या.

पक्ष आणि साध्य

मी गणित शिकवते, मराठी माध्यमात. सगळे 'इनग्रेन्ड'वर बोलताहेत, मला 'असम्प्शन'वर थोडं लिहायचंय.

'गृहीतक' हा शब्द आमच्या वर्गात युक्लिडबरोबर येतो. मुलांना तो पाठ असतो, पण तो त्यांच्या तोंडात कधी नसतो. मात्र भूमितीच्या प्रत्येक सिद्धतेत आम्ही तीन शब्द लिहितो: पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे जे दिलेलं आहे. उदाहरणार्थ, त्रिकोणाच्या दोन बाजू समान आहेत. साध्य काय करायचं तर त्यांच्यासमोरचे कोन समान आहेत. एकही मुलगी मला आजवर विचारत नाही की, 'बाई, पण दोन बाजू समान आहेत हे कशावरून?' ते विचारायचंच नसतं, ते पक्षात लिहिलंय. साध्याबद्दल मात्र प्रत्येक पायरीला कारण मागितलं जातं, कंसात.

मला वाटतं घरातही असंच असतं. वाद होतात ते सगळे साध्यावर. मुलीला किती शिकवायचं, कुठल्या गावी द्यायची, किती वाजेपर्यंत बाहेर राहू द्यायची. पक्षात 'मुलगी द्यायची असते' असं आधीच लिहिलेलं असतं. त्याचं कारण कंसात कुणी लिहीत नाही, कुणी मागतही नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने वहीत 'पक्ष' लिहायच्या जागी चुकून 'साध्य' लिहिलं आणि जे दिलं होतं तेच सिद्ध करत बसली. मी लाल रेघ मारली. हा धागा वाचल्यापासून ती वही डोळ्यांपुढे येतेय.

तर माझी सूचना: 'गृहीतके' नको. 'धरून चाललेल्या गोष्टी' म्हणा. किंवा साधं 'समज'.

पारिजात

मी समुपदेशक आहे. आमच्या अभ्यासात हा विषय वेगवेगळ्या नावांनी येतो. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत येतो, एरन बेक यांच्याकडे 'कोअर बिलीफ' म्हणून येतो. ते सगळं उपयोगाचं आहे, पण सेविकांपुढे मी ती नावं घेणार नाही. मला त्यापेक्षा एक वाक्य सांगायचंय.

समोर बसलेला माणूस 'मला असं वाटतं' म्हणतो तेव्हा तो आपलं मत सांगत असतो, आणि त्याच्याशी बोलता येतं. 'आमच्यात असंच असतं' म्हणतो तेव्हा तुमचा हा शब्द खोलीत आलेला असतो. 'आमच्यात.' यात बोलणारा एकटा नसतो, त्याच्या मागे चार पिढ्या उभ्या असतात. 'असंच', म्हणजे दुसरं काही असू शकतं हा विचारच नाही. 'असतं', म्हणजे कुणी करत नाही, ते असतं. पाऊस असतो तसं. या वाक्याला कर्ताच नाही.

म्हणून पुस्तिकेत शब्दाच्या जोडीला एक छोटी कृती घालता आली तर बघा. सेविकांना 'आमच्यात असंच असतं' या वाक्याने सुरू होणाऱ्या पाच गोष्टी लिहायला सांगा. समज लिहा म्हटलं तर कागद कोरा राहतो. आमच्यात कसं असतं ते लिहा म्हटलं तर पान भरतं. एका गटात मी हे केलं होतं. एका बाईंनी लिहिलं होतं, 'आमच्यात गरम पोळी बायका खात नाहीत.' लिहून झाल्यावर त्या ते वाक्य वाचत बसल्या. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, 'मला आवडते खरं तर गरम पोळी.'

देवराई

पारिजात, हे फार आत गेलं.

खिडकीजवळ

सगळ्यांना एकत्रच लिहिते. काल रात्री तो भाग पूर्ण करून पाठवला. मूळ एका वाक्याची माझ्याकडे तीन वाक्यं झाली, आणि संपादकांनी ती तशीच ठेवली:

'लहानपणी घरात आणि आजूबाजूला जे पाहिलं, ते आपण घेत जातो. ते आपल्यात इतकं भिनतं की हा आपला एक समज आहे हे लक्षातच येत नाही. आपल्याला वाटतं, असंच असतं.'

'घेत जातो' हे सोलापूरच्या दादांचं. 'असंच असतं' पारिजात यांचं. 'समज' गणिताच्या बाईंचं. आणि 'भिनतं' देवराईंचं. तो शब्द पहिल्याच प्रतिसादात आला होता, पण तेव्हा मला फक्त विष दिसत होतं. 'भिनणं' भिनत असताना कळत नाही, हा त्याचा गुण मला तुम्ही सगळे बोललात तेव्हा कळला. 'मुरणं' आपण बरणी भरून, झाकण लावून, दिवस मोजून करतो. भिनण्याचे दिवस कुणी मोजत नाही.

सोलापुरी चादर मी खरंच उलटी करून पाहिली. आईच्या लग्नातली आहे. मागे तोच मोर निघाला. पुस्तिकेत या भागाला 'चादरीची उलटी बाजू' असं नाव दिलंय, आणि प्रशिक्षणाला एक सोलापुरी आणि एक छापील अशा दोन चादरी घेऊन जायच्या असं प्रशिक्षकांच्या सूचनांत घातलंय. पाच वाक्यांची कृतीही घातली.

ती कृती पाठवण्याआधी मी स्वतः करून पाहिली. चार वाक्यं सहज झाली. पाचव्याला थांबले, चहा करायला उठले. पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भांड्यांची मांडणी आहे, तिच्यात सहा निळे कप टांगलेले असतात. आणि सिंकशेजारच्या खिडकीत एक स्टीलचा पेला असतो. मावशींचा. माझ्याकडे अकरा वर्षं काम करतात त्या. मी त्यांना चहा देते, बिस्किटं देते, त्यांच्या मुलीच्या बारावीचा फॉर्म मी भरलाय. पेला वेगळा ठेवायचा असं मी कधी ठरवलं नव्हतं. नवरा म्हणाला नव्हता, सासूबाई म्हणाल्या नव्हत्या. मला कुणी त्या दिवशी विचारलं असतं, तर 'त्यांना पेल्यातूनच आवडतो' असं मी अगदी खरेपणाने सांगितलं असतं. मी त्यांना कधी विचारलेलंच नव्हतं.

ओट्याजवळ बराच वेळ उभी होते. वाईचा कोनाडा दगडी होता, माझा ग्रॅनाइटचा आहे, एवढाच फरक.

कागदावर पाचवं वाक्य लिहिलं. मग पेला घासून आमच्या पेल्यांच्या रांगेत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. हात पुसून खिडकीकडे वळल्या, पेला तिथे नव्हता. मी निळ्या कपात चहा गाळून त्यांच्यापुढे धरला आणि टेबलाजवळची खुर्ची ओढली. म्हटलं, 'मावशी, बसा ना इथे.'

त्यांनी कप दोन्ही हातांनी घेतला. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दारापाशी गेल्या, उंबऱ्याला लागून नेहमीच्या जागी खाली बसल्या आणि म्हणाल्या, 'राहू द्या ताई, मला इथंच बरं वाटतं.'